विनाविलंब

"मग काय, त्या पोरीला मोकळं सोडू? तीन माणसं बुडाली, बाबूजी. तीन!"

बाबूजींनी सुपातल्या लाखोळीच्या डाळीतून एक खडा वेचला आणि मागे टाकला.

"मी काहीतरी विचारतोय."

"ऐकू येते मला."

"मग बोला ना!"

बाबूजी दुसरा खडा शोधू लागले...

ऋतुराज पाथरकर ओट्याच्या पायरीशी उभाच होता. बसा म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. गाडीतून उतरल्यापासून त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. बगलेत लाल फीत बांधलेली फाईल होती आणि ती तो अशी दाबून धरत होता, जणू कुणी हिसकावून नेईल.

तो या उपविभागाचा प्रांताधिकारी. वय चौतीस. आठ वर्षांपूर्वी नोकरीला लागला तेव्हा तहसील कचेरीत तीन महिने शिकाऊ म्हणून बसला होता. शेजारच्या टेबलावर नायब तहसीलदार बळीराम टेंभुर्णे. पंचनामा कसा करायचा, घाबरलेल्या साक्षीदाराला बोलतं कसं करायचं, कुठल्या कागदावर आज सही करायची आणि कुठल्यावर उद्या, हे सगळं त्याला टेंभुर्ण्यांनी शिकवलं. हुद्द्यानं पाथरकर वरचा, म्हणून म्हातारा त्याला 'साहेब' म्हणे. आणि साहेब म्हाताऱ्याला 'बाबूजी'.

निवृत्त झाल्यावर बाबूजी आपल्या गावी आले. वैनगंगेच्या घाटावर शेवटचं घर त्यांचं.

पाथरकरला हा घाट चांगला ठाऊक होता. त्याचं नाव झालं ते इथंच.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात पलीकडचा खैरटोला पाण्यानं वेढला. सरकारी रबरी बोट आली आणि तिचं इंजिन ऐनवेळी बंद पडलं. बचाव पथक दोन तालुके लांब अडकलेलं. मासेमारीच्या लाकडी डोंग्यात माणसं न्यायची नाहीत, असा नियम. पाथरकरनं नियम गुंडाळून ठेवला. मासेमार ढिवरांचे डोंगे दोन-दोन करून बांबूंनी एकमेकांना बांधले आणि पाण्यात घातले. दिवस मावळायच्या आत एकसष्ट माणसं अलीकडे. एका शेळीलासुद्धा इजा नाही.

पेपरात फोटो आला. महसूल दिनाला शाल-श्रीफळ मिळालं. 'पाथरकर पॅटर्न' असं नाव पडलं. मग वरून पत्र आलं, आपला अनुभव इतरांना उपयोगी पडेल अशा रीतीनं लिहून द्यावा. त्यानं बेचाळीस पानांची पुस्तिका लिहिली. नदीकाठच्या प्रत्येक तालुक्यात ती गेली, प्रत्येक तलाठ्याच्या टेबलावर पोचली.

आणि यंदाच्या श्रावणात, शेजारच्या तालुक्यातल्या बोरटोल्याला, एका तलाठ्यानं पुस्तिकेप्रमाणे डोंगे पाण्यात घातले. वाहत आलेल्या झाडाचा बुंधा आदळून पहिलीच जोडी उलटली.

चौकशी कुणाकडे द्यायची? पॅटर्न ज्याचा, त्याच्याकडे.

"निलंबन," पाथरकर म्हणाला. "आणि गुन्हा. सदोष मनुष्यवधाचा. मी शिफारस केलीय. उद्या अहवाल पाठवायचाय."

"मग पाठवा. माझ्याकडं काहून आले?"

हा प्रश्न त्याच्या जिव्हारी लागला. का आलो? गाडी जिल्ह्याच्या रस्त्याला लागली होती, त्यानं ड्रायव्हरला वळवायला लावलं होतं. कारण त्याचं त्यालाच धड सांगता येईना.

"पेपरवाले म्हणतायत, पॅटर्न बुडाला. माझा पॅटर्न! दोन वर्षं झाली, दहा ठिकाणी वापरला, कुठं ओरखडा नाही. आणि ही अकरा महिन्यांची तलाठी..."

"आणा ती फाईल."

बाबूजींनी सूप बाजूला सरकवलं. हात धोतराला पुसले. चष्मा लावला.

पाथरकर अखेर पायरीवर टेकला.

बाबूजी फाईल वाचू लागले. नोकरीत असताना वाचत तसेच, शेवटाकडून. आधी जोडपत्रं, मग पंचनामे, मग अहवाल. पाथरकरला हे माहीत होतं. तरी आज त्याला ते सहन होईना.

"अहवाल पुढं आहे, बाबूजी."

"अहवाल तुम्ही लिहिला. हे लोकांनी सांगितलं."

पानं उलटत राहिली... घाटाकडून धोपटण्याचा आवाज येत होता. कुणीतरी लाकूड ठोकत होतं.

"कोण मेलं?" बाबूजींनी विचारलं.

"तिघं."

"तिघं कोण?"

 महिनाभर ती फाईल पाथरकरच्या टेबलावर होती. नावं त्यात होती. ओठांवर एकही आलं नाही.

बाबूजींनी वाचलं. "कौसल्या डोये, वय अठ्ठावन्न. तिची नात मनू, वय सहा. आणि डोंगा हाकणारा, बिसन वलथरे."

"हो. वलथरे."

"हो, वलथरे," बाबूजींनी त्याचेच शब्द परत केले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पाथरकरनं मान वर करून पाहिलं. तहसील कचेरीत हा आवाज लागला की शिपाई पाणी आणायला निघून जात.

"तलाठीबाईचा जबाब वाचला?"

"मीच घेतला."

"वाचला का, विचारलं."

"वाचलाय!"

"मग मलाही ऐकवा." बाबूजींनी कागद त्याच्यापुढे धरला. "इथून."

पाथरकरनं कागद घेतला. करिश्मा उईके, तलाठी, हिचं गोल, शाळकरी अक्षर. तो वाचू लागला. वाचताना रागानं शब्द तोडत होता.

"'बिसन वलथरे म्हणाला की बाई, आता नको, थोडं थांबू. मी विचारलं, किती वेळ. तो म्हणाला, ते आता नाही सांगता येत. त्यावर मी त्याला पुस्तिकेचं पान सतरा दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं...'"

तो थांबला.

"वाचा."

"'...पाण्याने धोक्याची पातळी ओलांडताच डोंगे विनाविलंब सोडावेत. मी म्हटलं, दादा, उशीर झाला तर मला जाब द्यावा लागेल. तेव्हा तो काही बोलला नाही. त्यानं वल्हं उचललं.'"

घाटावरची ठोकाठोक थांबली होती.

"हे अहवालात कुठं आहे?" बाबूजींनी विचारलं.

"जोडपत्रात आहे की."

"अहवालात?"

"प्रत्येक जबाब अहवालात उतरवत नाहीत, बाबूजी. सारांश असतो."

"काय सारांश काढला?"

पाथरकरनं अहवाल ओढून घेतला आणि बोट ठेवलं. "'संबंधित तलाठी यांनी स्थानिक परिस्थितीचा विचार न करता, यांत्रिकपणे कार्यवाही केली.' खोटं आहे का यात काही? समोर झाडं वाहत येतायत, डोंगेवाला नको म्हणतोय, आणि ही पुस्तक वाचून दाखवते! डोकं वापरायचं की नाही माणसानं?"

"कितव्या पानावर आहे?"

"काय?"

"डोकं वापरायचं. तुमच्या पुस्तकात. कितव्या पानावर?"

पाथरकर ताडकन उठला. "हे तर कुणी लिहीत नाही! हे गृहीत असतं!"

"तिनं काय गृहीत धरायचं? अकरा महिन्यांची नोकरी. मागच्या पुरात शेजारच्या सज्जातला तलाठी एक तास उशिरा पोचला म्हणून त्याची पगारवाढ कुणी रोखली?"

"...मी."

"तिला हे माहीत होतं?"

"सगळ्या उपविभागाला ठाऊक आहे."

"मग गृहीत कोणाचं धरायचं तिनं? बिसनचं, का तुमचं?"

 पाथरकरला वाटलं, हा म्हातारा घरी बसून लाखोळी निवडतो. याला काय माहीत, मंत्रालयातून दर दहा मिनिटांनी फोन येतात तेव्हा काय होतं ते. आणि मनात आलं ते तो बोलूनही गेला.

"तुम्हाला बोलायला काय जातं? बत्तीस वर्षं तुम्ही नियमाबाहेर पाऊल टाकलं नाही. मी टाकलं! सगळे हातावर हात ठेवून उभे होते त्या दिवशी. जिल्ह्यातून परवानगी नाही, बोट बंद. मी उतरलो. मी एकसष्ट माणसं काढली!"

"तू?"

आठ वर्षांत पहिल्यांदा बाबूजी त्याला 'तू' म्हणाले.

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळू. पायात वहाणा सरकवल्या आणि ओट्यावरून खाली उतरून चालू लागले. पाथरकरला मागोमाग जावं लागलं. फाईल ओट्यावरच राहिली, मग तो परत फिरला, ती घेऊन आला.

घाटाची उतरण चिखलाची होती. नदी आता खाली गेलेली, मधे वाळूचे पट्टे उघडे पडलेले. काठाला एक डोंगा उपडा घातला होता आणि एक काळासावळा, वाळका माणूस त्याच्या फटीत चिंध्या आणि डांबर भरत होता. पाथरकरनं त्याला ओलांडलं आणि तो पाण्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, बाबूजींना नदी दाखवायची आहे.

बाबूजी डोंग्यापाशीच थांबले होते.

"ओळखलं?"

पाथरकर वळला. त्या माणसाकडे पाहिलं. माणसानं हातातलं काम थांबवलं नाही.

"हे... इथलेच ना?"

"हा सुकराम मारबते. एकसष्ट माणसं काढली ना तू? हा पुढच्या डोंग्यात होता. तू मागच्यात."

पाथरकरला पेपरातला फोटो आठवला. त्यात तो स्वतः होता, एका म्हातारीला हात देताना. त्या हाताच्या मागे, वल्हं धरून कुणीतरी वाकलेलं होतं... पेपरानं ते कापलं होतं. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्यानंही तोच कापलेला फोटो घेतला होता.

"राम राम, मारबते. सॉरी, लक्षात नाही आलं. दोन वर्षं झाली."

"दोन वर्सं काहाची, जी?" सुकराम म्हणाला. "मांगच्या महिन्यात तुमी बोरटोल्याले आल्ते ना चौकशीले. मी तिथंच बसलो होतो, शाळेच्या भिंतीले टेकून. बिसन माह्या बायकोचा भाऊ."

त्यानं चिंधीचा बोळा फटीत दाबला आणि त्यावर हातोडी मारली. एकदा. दोनदा.



"त्या दिवशी काय झालं होतं, सांग साहेबांना," बाबूजी म्हणाले.

"त्याईले मालूम हाये."

"विसरले ते."

सुकरामनं हातोडी खाली ठेवली. पहिल्यांदा पाथरकरकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत राग होता, पण तो बाहेर यायला तयार नव्हता. एवढ्या मोठ्या साहेबावर रागवायची सवय त्याला नव्हती.

"तुमी म्हनलं, सोड डोंगा. मी म्हनलं, थांबा जी. तुमी म्हनलं, काहून. मी म्हनलं, थांबा. तुमी मले शिवी देल्ली. मायवरून."



पाथरकरला आठवलं. विसरला नव्हताच तो. पाऊस चेहऱ्यावर आपटत होता, खैरटोल्याच्या देवळाच्या कळसाला धरून माणसं ओरडत होती आणि हा माणूस वल्हं मांडीवर आडवं टाकून नुसता पाण्याकडे पाहत बसला होता. अर्धा तास. पाथरकर त्याच्या अंगावर धावून गेला होता. घाटावर आलेल्या बाबूजींनी मधे पडून त्याचा हात धरला होता.

"मंग मी उठलो आन् सोडला," सुकराम म्हणाला.

"तेव्हा का सोडलास? आधी का नाही?" पाथरकरचा आवाज त्यालाच परका वाटला. "काय बघत होतास?"

"झाडं येऊन राह्यली होती ना वरून. मुळासकट. जंगलात कुठंतरी नाला फुटला असंल. एक आदळलं असतं तर झालं असतं आपलं... कमी झाली, तवा सोडला."

झाडं.  पाथरकरनं बोरटोल्याच्या पंचनाम्यात तो बुंधा मोजला होता. अकरा फूट. त्याचा फोटो काढला होता त्यानं, बाजूला पट्टी ठेवून.

"अर्धा तास तू पुस्तकात लिहिला नाहीस," बाबूजी म्हणाले. "मी पूर्ण वाचलं. मला प्रत पाठवली होतीस ना, 'सप्रेम' लिहून. खैरटोल्याचं पान तीनदा वाचलं. त्यात पाणी चढतं, बोट बंद पडते आणि पुढच्याच ओळीत डोंगे निघतात. अर्धा तास कुठं गेला?"

"तो..." पाथरकर थांबला. खोटं बोलणं सोपं होतं. समोर सुकराम नसता तर बोललाही असता. "तो मी लिहिला होता. आधीच्या मसुद्यात. मग काढला."

"काहून?"

"कुणीतरी विचारलं असतं... उशीर का झाला म्हणून."

बाबूजींनी डोळे मिटले. मग ते पाथरकरच्या अगदी जवळ आले. पाथरकरला वाटलं, म्हातारा आता आपल्याला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि मी वाचून गप्प बसलो," बाबूजी म्हणाले. "एक फोन करायचा होता. म्हटलं, पोराचं नाव होऊन राह्यलं, कशाला बोट लावा... माझंही नाव घाल तुझ्या अहवालात."

"तुमचं कसं घालू?"

"मग ज्याचं घालता येतं त्याचं घाल!" ते ओरडले. नदीकाठचे दोन बगळे उडाले. "त्या पोरीनं तुझा शब्द पाळला! बिसननं तिचा पाळला! दोघांनी पाळला म्हणून लहान लेकरू गेलं! आणि तू त्या पोरीला विचारतोस, डोकं कुठं होतं?"



पाथरकर उपड्या डोंग्याच्या कडेला बसला. फाईल मांडीवर घेतली. लाल फीत सोडताना तिची गाठ घट्ट बसली, ती दातांनी सोडवली. अहवालाच्या शेवटच्या पानावर 'जबाबदारी' असा रकाना होता. त्यात टाईप केलेलं नाव त्यानं पेनानं आडवं खोडलं. बराच वेळ पेन कागदावर टेकवून बसला. मग लिहिलं: 'पुस्तिकेतील पान सतरा चुकीचे आहे. प्रत्यक्षात डोंगे अर्धा तास थांबवले होते. ही बाब मी वगळली. बोरटोला येथील तलाठ्यांनी माझ्या लेखी सूचनेचे पालन केले. जबाबदारी माझी.' खाली सही. तारीख. हुद्दा.

सही करताना त्याला दिसत होतं, पुढं काय होणार ते. कारणे दाखवा नोटीस. विभागीय चौकशी. महसूल दिनाचा तो फोटो पुन्हा छापून येईल, या वेळी वेगळ्या मथळ्याखाली. करिश्मा उईके मात्र उद्या सकाळी आपल्या सज्जात कामावर जाईल.

त्यानं पान सुकरामकडे केलं. सुकरामनं डांबराचे हात वर केले. "मले वाचता येत नाही, जी."

पाथरकरनं वाचून दाखवलं. अडखळत. सुकराम ऐकत होता. संपल्यावर त्यानं 'बरं' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. हातोडी उचलली आणि पुढची फट बघू लागला.

बाबूजींनीही शाबासकी दिली नाही. "हे महिन्याभरापूर्वी लिहायचं होतं," एवढंच म्हणाले.

पण पाथरकरच्या छातीवरचं ओझं हललं होतं आणि त्याबरोबर त्याची जुनी चपळाई परत आली. त्यानं खिशातून छोटी वही काढली.

"मारबते, एक सांगा. झाडं किती कमी झाली की सोडायचा? म्हणजे... दहा मिनिटांत दोन? एक? अंदाजे सांगा. मी सुधारित पुस्तिका काढायला सांगतो. जबाबदारी घेऊन नुसतं गप्प बसणंही बरोबर नाही. पुढच्या माणसाच्या हातात काहीतरी द्यायला हवं."

सुकराम गोंधळला. "मोजली नाही जी कधी."

"तरी?"

"दरसाल झाडंच येतात असं नाही. एका साली मेलेली म्हैस पाहून थांबलो होतो. एका साली पानी अगदी साफ होतं, तरी थांबलो."

"का?"

"आता काय सांगू... बरं नाही वाटलं."

पाथरकरनं लिहायला घेतलं, 'झाडे, जनावरे, इतर तरंगत्या वस्तू...' आणि वहीवर सावली पडली. बाबूजींनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला होता. वाळका, शिरा उमटलेला. त्या पुरात याच हातानं त्याला एकदा आवरलं होतं, पण आज त्याची पकड जास्त जोराची होती. पेन हलेना.

"मग नियम नकोतच का, बाबूजी?" पाथरकर चिडून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे लिहू नको, ते लिहू नको! नदी दरसाल चढणार. माझ्या जागी उद्या दुसरा कुणी असेल. त्या तलाठीबाईनं काय करायचं? या मारबत्यांनी काय करायचं? पुढच्या पुरात काय करायचं, ते तरी सांगा!"

बाबूजींनी त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्याच खिशाला अडकवलं.

"पूर आला की विचार," ते सुकरामकडे बघत म्हणाले. "आणि मला विचारू नकोस."